पोच घेऊन ये

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मामांना बजावलं, सहा आठवडे जिना उतरायचा नाही. कर्वेनगरातली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. औषधं, व्यायाम, टाके सगळं ऐकून घेतल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला, "मग बँकेत कोण जाणार?"

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेत जाऊन पासबुक छापून आणायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात त्यांची नोकरी झाली. बँकेच्या खात्यातून निघालेला, त्यात पडलेला प्रत्येक रुपया लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा आणि पासबुकाशी ताळा घालायचा. मोबाईल बँकिंग त्यांनी घेतलेलं नाही, ते जमत नाही म्हणून नव्हे. घ्यायचं नाही असं ठरवून घेतलेलं नाही.

त्यांची भाची मुंबईत एका बँकेच्या फसवणूक तपास विभागात काम करते. संशयास्पद व्यवहारांची यादी रोज सकाळी तिच्यासमोर येते आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त माणसांशी तिला फोनवर बोलावं लागतं. दोन दिवसांची रजा काढून ती पुण्याला आली, ती मामांसाठी नवा स्मार्टफोन घेऊनच.

"मामा, दहा मिनिटांचं काम आहे. शाखेत जायची गरजच उरणार नाही."

"दहा मिनिटांत येतं ते दहा मिनिटांत जातं," मामा म्हणाले. उशाखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्राची पिवळी पडलेली कात्रणं काढली. सगळ्यात वरचं कात्रण ऑगस्ट २०१८चं होतं.

पुणेकराला त्या कात्रणाची ओळख करून द्यावी लागत नाही. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. कॉसमॉस बँकेच्या नकली कार्डांवर अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून अडीच कोटी निघाले, त्यात कोल्हापूरचीही यंत्रं होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशयंत्रणेच्या मार्गानं आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ही सगळी रक्कम बँकेच्या आतून, बँकेच्याच यंत्रणेच्या तोंडून 'हो' वदवून नेलेली.

"इथे कोणी ओटीपी सांगितला होता?" मामांनी विचारलं. "कोणी लिंक उघडली होती? खातेदार तर शनिवारी दुपारी जेवून झोपला होता. दोष आमचा नव्हता, तरी दरोडा पडला. आणि तू मला सांगतेस, फक्त ओटीपी सांगू नका, बाकी सुरक्षित आहे."

भाचीनं कात्रण हातात घेतलं. हा प्रश्न तिला नेहमी विचारला जातो, पण इतक्या नेमकेपणानं क्वचितच. तो हल्ला कसा झाला ते तिनं सांगितलं. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? प्रश्न ज्या दारातून आत जातो त्याला स्विच म्हणतात. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून त्या दाराशेजारी आपलं खोटं दार बसवलं. जगभरातून येणारे प्रश्न खोट्या दारावर थांबत आणि तिथूनच 'द्या' असं उत्तर जाई. खातेवहीपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता.

"म्हणून तर, मामा, कोणाच्या खात्यातून एक रुपयाही वळता झाला नाही. खोट्या दारानं खातेवहीला विचारलंच नव्हतं. नुकसान बँकेचं झालं, खातेदाराचं नाही. पुढे पुण्याच्या न्यायालयानं २०२३मध्ये अकरा जणांना शिक्षाही सुनावली."

"बँकेचं नुकसान म्हणजे शेवटी कोणाचं?" मामा म्हणाले. "सहकारी बँक आहे. भागधारक कोण? आम्हीच."

याला भाचीकडे उत्तर नव्हतं.

स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "भाजीवाला सुट्टे देत नाही हो हल्ली. क्यूआर दाखवतो." मामा काही बोलले नाहीत. भाचीनं मात्र तो धागा सोडला नाही. ऑगस्ट २०२५च्या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले, असं तिनं सांगितलं. एप्रिल २०१६मध्ये सुरू झालेली गोष्ट. एवढ्या व्यवहारांत यंत्रणाच पोकळ असती तर रस्त्यावर दंगे झाले असते, असं तिचं म्हणणं.

"दंगे होत नाहीत, कारण ज्याचे जातात तो लाजेनं घरात बसतो," मामा म्हणाले.

भाचीला हे वाक्य बोचलं, कारण ते खरं आहे. तिच्याशी फोनवर बोलणारी माणसं रकमेआधी क्षमा मागतात. 'माझीच चूक झाली, पण...' अशीच बहुतेकांची सुरुवात. गृह मंत्रालयानं संसदेत दिलेली आकडेवारी तिला पाठ आहे: सायबर फसवणुकीत लोकांनी २०२३मध्ये गमावले ७,४६५ कोटी, २०२४मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिपटीहून जास्त. मामांसमोर तिनं हा आकडा लपवला नाही. अविश्वास हा अडाणीपणा आहे असं समजून जी बँक बोलते, ती मामांसारख्या माणसाला कायमची गमावते, हे तिला नोकरीनं शिकवलंय.

पण तिला दुसरी बाजूही मांडायची होती. तिनं विचारलं, "कागदावर विश्वास ठेवला त्यांचं काय झालं, मामा? पीएमसी बँकेच्या ठेवीदारांकडे पावत्या होत्या, पासबुकं होती, शाखेतल्या माणसांची तोंडओळख होती. २३ सप्टेंबर २०१९ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले आणि लोकांना सांगितलं, खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! पुढे मर्यादा वाढत गेली, बँक जानेवारी २०२२मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण तोवर म्हाताऱ्या माणसांनी औषधांसाठी काय केलं असेल? तिथे कोणी हॅकर नव्हता. एका बांधकाम समूहाला दिलेली कर्जं हजारो खोट्या खात्यांमागे लपवली होती."

"आणि फेब्रुवारी २०२५ची न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक," ती पुढे म्हणाली. "तिथे तर तिजोरीतली रोकड मोजली तेव्हा १२२ कोटी कमी भरल्याचा आरोप आहे. नोटा, मामा. ज्यांना हात लावता येतो त्या."

मामांनी मान हलवली. ते याहून मागे गेले. १९९२च्या रोखे घोटाळ्यात कराडच्या बँकेच्या पावत्या निघाल्या होत्या, मागे एकही रोखा नसलेल्या. साताऱ्याकडच्या कारखान्यांत त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. "कागदही खोटा असतो, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही," ते म्हणाले, आवाजात राग नव्हता. "तो खोटा निघाला तर विमा आहे. एका बँकेत एका नावावर पाच लाखांपर्यंत. पूर्वी एक लाख होता, पीएमसीनंतर फेब्रुवारी २०२०मध्ये पाच लाख केला. म्हणून माझ्या ठेवी तीन बँकांत आहेत, एकीतही व्याजासकट पाच लाखांच्या वर नाहीत. आता तू सांग. मोबाईलवरून माझे पाच लाख कोणी नेले, तर तो विमा देतो का?"

"नाही."

ठेव विमा बँक बुडाली तर आहे, खातं लुटलं तर नाही. भाचीनं हे सरळ कबूल केलं आणि इथून पुढे दोघांचं बोलणं बदललं. कुलूप मजबूत आहे का, हा प्रश्न मागे पडला. पैसे गेल्यावर ते कोणाच्या खिशातून भरायचे, हा प्रश्न पुढे आला. खरं तर सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे.

तिनं ६ जुलै २०१७चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सांगितलं. खातेदाराची चूक नसताना, बँकेचीही नसताना, तिसऱ्याच कुणाच्या पापामुळे पैसे गेले आणि खातेदारानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा भार. बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती का होईना खात्यात परत दाखवायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर.

मामांनी चष्मा लावला. "बँकेवर? हे मला कोणत्याही शाखेत कधी कोणी सांगितलं नाही. भिंतीवर 'ओटीपी सांगू नका' हे लावलंय. 'तीन दिवसांत कळवा, तुमचे पैसे परत मिळतील' हे कुठेच लावलेलं नाही."

फोन लावला की आधी अमिताभ बच्चनच्या आवाजात सावध राहायची सूचना ऐकू यायची, ती २०२५च्या जूनपर्यंत देशभर वाजली. सावध कसं राहायचं ते सगळ्यांनी ऐकलं. फसल्यावर आपला हक्क काय, ते त्यातून कुणाला कळलं नाही. काळजीचा सगळा भार खातेदाराच्या डोक्यावर आणि हक्काचा कागद फायलीत, ही वाटणी अन्यायाची आहे.

भाचीनं आसाममधल्या एका खातेदाराची गोष्ट सांगितली. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करताना त्याला ग्राहकसेवेच्या नावानं फोन आला, एक ॲप उतरवायला लावलं आणि खात्यातून ९४,२०४ रुपये गेले. त्यानं २४ तासांच्या आत स्टेट बँकेला कळवलं. बँक म्हणाली, व्यवहार तुमच्या ओटीपीनं झालाय. तो गुवाहाटी उच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२५मध्ये तिथेही हरली.

"चौऱ्याण्णव हजारांसाठी दिल्लीपर्यंत?" मामी आता दारात येऊन उभ्या होत्या. "आणि ज्याला वकील परवडत नाही त्यानं काय करायचं?"

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग जे सहसा ती बँकेची कर्मचारी म्हणून बोलत नाही ते बोलली. माणसाला बोलण्यात गुंगवून, घाबरवून, त्याच्याच हातानं पैसे पाठवायला लावले, तर ते परिपत्रक लंगडं पडतं, कारण व्यवहार त्यानं स्वतः केलेला असतो. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४पासून असा नियम आहे की अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंतची रक्कम बहुतेक प्रकरणांत खातेदाराला परत द्यायची, आणि ती पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही बँकांनी निम्मी निम्मी सोसायची. "निम्मं घेणाऱ्या बँकेनं. यातच खरी गोम आहे. चोराचं भाड्याचं खातं ज्या बँकेनं डोळे मिटून उघडलं, तिला चटका बसला की ती डोळे उघडते. आपल्याकडे असा चटका नाही."

"म्हणजे माझं म्हणणं बरोबर आहे," मामा म्हणाले.

"तुमचा अविश्वास बरोबर आहे. तुम्ही तो चुकीच्या ठिकाणी ठेवलाय." भाचीनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. "डिजिटल अरेस्टमध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेत, माणसं काय करतात, माहितीय? लुधियानाचे वर्धमान समूहाचे ओसवाल, ऐंशीच्या पुढचे. २०२४मध्ये त्यांना व्हिडिओवर खोटं सर्वोच्च न्यायालय दाखवलं, खोटे सरन्यायाधीश बसवले आणि सात कोटी काढून घेतले. पोलिसांनी त्यातले सव्वापाच कोटी परत मिळवले, ते लवकर कळवलं म्हणून. पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत कितीतरी जण मोबाईल बँकिंग वापरतच नाहीत. ते शाखेत येतात. स्वतः. रांगेत उभे राहून मुदतीपूर्वी ठेव मोडतात, आरटीजीएसची चिठ्ठी भरतात, सही करतात. कॅशियर विचारतो, काका, एवढे कशाला? ते म्हणतात, मुलीचं लग्न. कारण फोनवरच्या माणसानं तेच सांगायला शिकवलेलं असतं. शाखेची पायरी तुम्हाला वाचवत नाही, मामा."

मामांनी पिशवीतली कात्रणं नीट लावली, पुन्हा विस्कटली. त्यांच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींतले एक जण गेल्या वर्षी असेच शाखेत जाऊन आले होते. ते अजून कोणाशी नीट बोलत नाहीत.

"वेग," ते बऱ्याच वेळानं म्हणाले. "मला भीती वेगाची आहे. चेक दिला की दोन दिवस जायचे. चूक लक्षात आली तर स्टॉप पेमेंट करता यायचं. या दोन दिवसांवर आम्ही सगळा जन्म काढला."

चेकही आता तसा राहिलेला नाही. ४ ऑक्टोबर २०२५पासून सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटू लागला आहे. पण मामांचं म्हणणं चेकपुरतं नव्हतं, आणि भाचीच्या रोजच्या कामाशी ते तंतोतंत जुळत होतं. यूपीआयनं गेलेली रक्कम काही सेकंदांत एका खात्यातून चार खात्यांत, चारातून वीसांत फुटते, मग कुठल्या तरी गावच्या एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडते. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन केला तर समोरच्या बँकेला रक्कम रोखून धरायचा निरोप जातो आणि जितकी तिथे उरलेली असेल तितकी अडकते. तासाभरात फोन करणारा आणि दुसऱ्या दिवशी करणारा, यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सिंगापूरच्या बँकांनी २०२३च्या शेवटी खातेदाराला आपल्याच पैशाला कुलूप घालायची सोय दिली; ते पैसे ऑनलाइन हलतच नाहीत. भाचीला वाटतं, ही सोय आपल्याकडे प्रत्येक बँकेत असायला हवी आणि ज्येष्ठांच्या खात्यांना ती आपोआप लागायला हवी.

"नाही ना आपल्याकडे? मग आपण करू," मामा म्हणाले आणि त्यांनी लाल वही मागितली.

पुढचा तासभर जे झालं त्यात भाची शिकवण्यापेक्षा शिकलीच जास्त. मामांनी कोऱ्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे मोठं खातं: पेन्शन, ठेवींचं व्याज. उजवीकडे छोटं खातं: भाजी, औषधं, वीजबिल. मोठ्या खात्यावर मोबाईल बँकिंग नाही, यूपीआय नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यातून पंधरा हजार आपोआप छोट्या खात्यात जातील, अशी स्थायी सूचना. गेले तर पंधरा हजार जातील, त्याहून जास्त नाहीत.

"दोन्ही खाती एकाच बँकेत ठेवू नका," भाची म्हणाली. "ग्राहक क्रमांक एकच असतो. छोट्या खात्यात शिरलेल्याला मोठंही दिसतं."

"मग छोटं खातं हिच्या नावावर, दुसऱ्या बँकेत." मामींनी मान डोलावली.

आता प्रश्न राहिला फोनचा. भाचीची योजना होती की नव्या स्मार्टफोनवरच सगळे संदेश यावेत. मामा म्हणाले, नाही. त्यांचा बटणांचा जुना फोन त्यांना तसाच हवा होता आणि मोठ्या खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक त्यातच राहायला हवा होता. स्मार्टफोनमध्ये मामींचं दुसरं सिम. का, ते त्यांना तंत्राच्या भाषेत सांगता येत नव्हतं. "एका किल्लीत दोन कपाटं नकोत," एवढंच ते म्हणाले.

भाचीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षभर तिच्यासमोर ज्या तक्रारी येत आहेत त्यांत वाहतूक दंडाची पावती, लग्नाची पत्रिका, गॅसबिल अशा नावानं व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल असते. उघडली की ती फोनमधले संदेश वाचते आणि ओटीपी चोरते. कोणी कोणाला काही सांगितलेलंच नसतं. बटणांच्या फोनमध्ये ती फाईल चालतच नाही. मोठ्या खात्याचा ओटीपी तिथे येत असेल तर स्मार्टफोनमध्ये शिरलेला चोर रिकाम्या हातानं बाहेर पडेल. व्यवहाराचा संदेश मात्र मामांच्या खिशात लगेच वाजेल. रोज हेच काम करणाऱ्या बाईला ही मांडणी सुचली नव्हती. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

मामींनी स्मार्टफोन हातात घेतला. पहिला पिन भाचीनं त्यांच्याकडून तीनदा टाकून घेतला, जन्मवर्ष नको, घर क्रमांक नको असं सांगत. पैसे घेताना पिन लागत नाही, पिन फक्त देताना लागतो, हे मामींनी स्वतःच्या अक्षरात कॅलेंडरच्या मागे लिहिलं. त्याखाली १९३०.

"एक कागद लिही," मामा म्हणाले. त्यांनी तोंडी सांगितलं, भाचीनं लिहिलं. मा. शाखा व्यवस्थापक यांस. माझ्या बचत खात्यावर मोबाईल व इंटरनेट बँकिंगची सोय माझ्या लेखी मागणीशिवाय सुरू करू नये. माझ्या मुदत ठेवी मी समक्ष हजर असल्याशिवाय मोडू नयेत. मी समक्ष येऊन मोठी रक्कम बाहेर पाठवायला सांगितली, तर माझ्या भाचीला पुढील क्रमांकावर फोन करून विचारावं.

शेवटच्या वाक्यावर भाचीचा हात थांबला. "मामा, तुम्ही स्वतः गेलात तरी?"

"मी स्वतः गेलो तरी. तू म्हणालीस ना, तेच घाबरवून पाठवतात म्हणून. त्या दिवशी मी माझ्या ताब्यात नसेन." त्यांनी सही केली, खाली तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची शाखेत गेली. काउंटरवरच्या मुलीनं अर्ज दोनदा वाचला. सोय सुरू करायचा छापील फॉर्म होता, सुरू करू नका असं सांगायचा नव्हता. ठेवीबद्दलचं आणि फोनबद्दलचं वाक्य आमच्या पद्धतीत बसत नाही, असं ती म्हणाली. मग उठून व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये गेली. काचेतून दोघं अर्जावर बोटं ठेवून बोलताना दिसत होती. भाचीनं वेळ पाहिली. अकरा वाजून वीस मिनिटं.

फोन वाजला. मामाच होते.

"अर्ज घेतला?"

"वाचतायत."

"घेतील. पण तशीच परत येऊ नकोस. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख. पोच घेऊन ये."